जागतिक निविदा आणि माझी काहील

माझा पुतण्या आनंदराज सभापती झाल्यापासून साधं बोलणंच विसरलाय. तहान लागली तर म्हणतो, "काकू, जलपुरवठा करा." मन्याड नदीच्या पल्याड डांबरी सडक, अल्याड आमचं गाव. आम्ही मागितला पूल, तर गड्यानं थेट जागतिक निविदा काढली.

गुऱ्हाळ मोडलं तेव्हा गुळाचा रस आटवायची भली मोठी काहील तेवढी मी ठेवून घेतली होती. दोन काठांना दोर बांधलाय. तो धरून अख्खं गाव त्या काहिलीतून नदी ओलांडतं. माझी नात ऋतुजा तिच्यातूनच विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात जाते.

जपान, कोरिया, जर्मनीचे साहेब जागा बघायला आले अन् पल्याडच अडकले. पूल नव्हता ना! शेवटी मीच आणलं एकेकाला. जर्मनीचा साहेब डोळे मिटून बसला होता. काठाला लागताच माझ्या पाया पडला. परका असला तरी वळण चांगलं.

मग निविदा समितीनं अट घातली : याच नदीवरून दहा वर्षं माणसं सुखरूप नेल्याचा अनुभव पाहिजे. तिन्ही देश बाद. पात्र ठरली एकटी माझी काहील.

"मग बांधू का मी पूल?"

"एकटाच स्पर्धक असला की स्पर्धा होत न्हाई, काकू. फेरनिविदा निघंल. अन् निकाल लागेस्तोवर स्पर्धकाला नदीत उतरायची मनाई हाय."

काहील साखळीनं लिंबाला बांधली, वर लाखेचं सील.

"अन् पोरीची परीक्षा रे?"

"सवलतीसाठी अर्ज करावा तिनं. पल्याडच्या हापिसात घेतात."

परीक्षेच्या दिवशी मी वरवंटा घेतला अन् सील फोडलं. ऋतुजाला बसवून दोराला हात घातला, तर आनंदराज पळत आला. वाटलं, आता पंचनामा करतो. ह्यानं चपला हातात घेतल्या, पायजमा वर खोचला.

"सरका जरा, काकू. पल्याड बैठक हाय. लोक मनाई पाळून न्हाई राहिले, कडक करायची हाय."

"आजी, पेपर सुरू होईल," ऋतुजा कळवळली.

मी सरकले. आपण सरकतोच.

मधल्या धारेत आल्यावर मात्र मी दोर थांबवला अन् म्हणाले, "आनंदराजा, तुझी काई चूक न्हाई रे बाबा. दर बारीला आम्हीच तुला कोरड्या पायानं पल्याड नेऊन सोडतो. तुला कशाला लागतोय पूल?"