माशाला विचारलंत का?

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात मासेमारीच्या गल्लीत तुम्ही कधी गेलात आणि कानटोपी घातलेला एक उंच, किडकिडीत म्हातारा तुमच्या ट्रॉलीत डोकावून "परत ठेवा" म्हणाला, तर घाबरू नका. तो दुकानाचा माणूस नाही, गुप्त पोलीसही नाही. ते आमचे आगाशे काका. मुक्काम पोस्ट मिरज, हल्ली नेपरव्हिल.

दुकानवाले त्यांना ओळखून आहेत. इतकी वर्षं लोकांच्या ट्रॉल्या रिकाम्या करणाऱ्या माणसाला त्यांनी अजून हाकललं कसं नाही, हे मला कोडंच आहे. बहुतेक त्यांना वाटत असावं की हा आपलाच कुणीतरी जुना नोकर आहे आणि कामावरून काढायचा राहून गेलाय.

माझी त्यांची भेट तिथेच झाली. डॉक्टरनं सांगितलं होतं, बीपी वाढलंय, स्क्रीनसमोरून उठा, काहीतरी छंद लावून घ्या. माझ्या टीममधले निम्मे लोक सोमवारी माशांबद्दलच बोलतात, म्हटलं आपणही मासे पकडू. आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मी सरळ तळ्यावर जाईन होय! मी आधी व्हिडिओ पाहिले, रिव्ह्यू वाचले, रिळांची तुलना करणारं एक्सेल शीट बनवलं आणि मग दुकानात गेलो. ट्रॉलीत काय नव्हतं? दोन दांड्या, तीन मजली खोका, चमकणारे प्लास्टिकचे मासे, बावीस खिशांचं जाकीट, छातीपर्यंत येणारी रबरी विजार आणि पाण्यात मासे कुठे आहेत ते दाखवणारं एक यंत्र.

"परत ठेवा," मागून आवाज आला. चक्क मराठीत.

"अं?"

"हे यंत्र. माशाला विचारलंत का, तुला हे हवंय का म्हणून?"

"पण काका, तुम्हाला कसं कळलं मी मराठी आहे?"

"बायकोला फोनवर सांगत होतात ना, की सेल आहे, सगळं घेऊनच टाकतो. असं मराठी माणूसच बोलतो. परत ठेवा."

आणि त्यांनी स्वतःच एकेक वस्तू काढून फळीवर ठेवायला सुरुवात केली. ते रंगीत प्लास्टिकचे मासे हातात घेऊन म्हणाले, "हे माशाला पकडायला नसतात. तुम्हाला पकडायला असतात. बघा, पकडलंच की नाही?" जाकीट बघून म्हणाले, "बावीस खिसे. घराची किल्ली कुठे ठेवली ते शोधता शोधता अमावस्या उजाडेल." रबरी विजारीला तर त्यांनी हातही लावला नाही, नुसतं बोटानं दाखवलं.

शेवटी ट्रॉलीत उरलं काय? एक आखूड, साधी दांडी, तिच्यावर रीळ आणि त्यात गुंडाळलेला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. बारीक गळांची एक पुडी. तंगुसाला चिमटायच्या शिशाच्या गोळ्या. आणि पाण्यावर तरंगणारा लाल-पांढरा बॉबर, तो मात्र दोन. "एक झाडाला अडकणार," काका म्हणाले. "पहिल्या दिवशी सगळ्यांचा अडकतो."

"आणि बसायला ती घडीची खुर्ची तरी..."

"बादली घ्या. जाताना सामान आत टाकायचं, पोचलं की उपडी करायची आणि वर बसायचं. खुर्चीत सामान टाकता येतं का?"

मग मला काउंटरवर नेऊन त्यांनी आधी मासेमारीचं लायसन्स काढायला लावलं. "दांडी नसली तरी चालेल, हे पाहिजे. व्हिसावर आहात ना? मग एका माशापायी साहेबापुढे उभं राहायचं नाही." माझ्या त्या एक्सेल शीटमध्ये सगळं होतं, लायसन्सची ओळ तेवढी नव्हती.

तुम्ही म्हणाल, कोकणातला दर्दी खवय्या असणार. अहो, काका शुद्ध शाकाहारी! अंड्याचा केकसुद्धा चालत नाही. पकडलेला प्रत्येक मासा परत पाण्यात. गणपतीला मंडळात कुणीतरी हटकून विचारतं, "काका, खात नाही तर पकडता कशाला?" काका शांतपणे म्हणतात, "तुम्ही दर रविवारी मॉलमध्ये जाता. सगळा मॉल विकत घेता का?"

आमिषसुद्धा शाकाहारीच. मक्याचे दाणे, नाहीतर कणकेच्या गोळ्या, आणि कणकेत चिमूटभर हिंग. कार्प माशाला हिंगाचा वास आवडतो असं त्यांचं ठाम मत आहे. काकूंचं मत वेगळं आहे. "शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून हिंगाची डबी आणते, ती महिन्यात तळ्यात जाते," त्या मला म्हणाल्या. "आमटीला मागितला तर म्हणतात, जपून वापर." आणि डेव्हनवर एकदा त्या साडी बघत असताना काकांनी सवयीनं "माशाला विचारलंत का?" म्हटलं, तेव्हा भर दुकानात काकूंनी सुनावलं, "मासा नाही नेसणार. मी नेसणार. गप्प बसा." काका गप्प बसले. साडी घेतली गेली.

तर पहिल्या शनिवारी सकाळी मी बादली घेऊन तळ्यावर हजर. शहराबाहेर झाडीतलं लहानसं तळं, या काठावर शिंकलं तर त्या काठावरचा माणूस "ब्लेस यू" म्हणेल एवढंच. दुकानात तोंडाचा पट्टा सोडणारे काका इथे एकदम मुके. त्यांनी पकडीनं माझ्या गळाचा उलटा काटा चेपून टाकला, म्हणजे माशाला सोडवताना जखम होत नाही. मग बादली उपडी करून बसले. मी म्हटलं, "काका, ऑफिसात आमच्याकडे..." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं मी पुन्हा म्हटलं, "थंडी आहे नाही?" पुन्हा बोट. सगळी सकाळ आम्ही दोन बादल्यांवर दोन लाल ठिपके बघत बसलो. माझा पहिला बॉबर झाडाला अडकलाच.

आणि मग माझा दुसरा बॉबर बुडाला. तळहाताएवढा ब्लूगिल मासा होता, पण माझ्या छातीत ढोल वाजायला लागले. काकांनी आधी हात पाण्यात बुडवून ओले केले, कारण कोरड्या हातानं माशाची त्वचा सोलवटते. मग अलगद गळ काढला, मासा पाण्यात धरला आणि सकाळपासून पहिल्यांदाच स्वतःचं तोंड उघडलं. "जा हं. घरी वाट बघत असतील." मासा गेला. इलिनॉयमधल्या त्या माशाला मराठी कळलं असावं.

परतीच्या वाटेवर गाडीत मात्र धरण फुटलं. मिरजेच्या सतारी, इथला बर्फ, पुलांचे खांब (ते पुलांचे इंजिनिअर होते), सगळं. मला एक शब्द बोलू दिला नाही. घरी आलो तर बीपी चक्क खाली! तेव्हापासून शनिवार म्हणजे काका, हे आमच्या घरात ठरून गेलं. प्राजक्ता, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "तू माझ्याबरोबर इतका वेळ गप्प बसून दाखव, मग मानेन."

एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. काका लोकांना सांगतात, मासेमारी हा एकट्यानं करायचा उद्योग आहे. पण मी नसलो, तर ते तळ्यावर जात नाहीत. एकदा मला ताप होता तर ते सगळी सकाळ दुकानातल्या त्या गल्लीत उभे होते, असं काकूंनीच सांगितलं. "त्यांना शेजारच्या बादलीवर कुणीतरी लागतं रे," त्या म्हणाल्या. "बोलायचं नसतं. पण लागतं."

त्यांच्या गॅरेजमध्ये एका भिंतीवर दांड्या टांगलेल्या आहेत. सगळ्या तशाच, आखूड आणि साध्या. माझ्याआधी काकांनी ज्यांच्या ट्रॉल्या रिकाम्या केल्या, त्यांच्या. आमच्यासारख्या लोकांचं काय, आज प्रोजेक्ट इथे, उद्या तिथे. जाताना प्रेशर कुकर कुणाला, बर्फाचं फावडं कुणाला, आणि दांडी काकांना. काका त्या दांड्यांना गावांच्या नावानं ओळखतात. "ही ऑस्टिन. ही सिॲटल. ही परत गेली, हैदराबादला." दर हिवाळ्यात सगळ्यांच्या रिळांना तेल देतात.

"फोन येतात का त्यांचे?" मी एकदा विचारलं.

काका ऑस्टिनवरची धूळ पुसत होते. "पोचलो की करतो, म्हणतात सगळे," ते म्हणाले. "पोचले असतील."

आणि यंदा उन्हाळ्यात आमच्या कंपनीनं सांगितलं की शिकागोचं ऑफिस बंद, टीम कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला. ग्रीन कार्डाचं घोडं अडकलेलं, नाही कुणाला म्हणणार? घर, शाळा, मूव्हर्स, सगळं जमेल असं वाटत होतं. काकांना कसं सांगायचं, एवढंच जमेना. तळ्यावर बोलायची बंदी, आणि गाडीत ते मला बोलू देत नाहीत. दोन शनिवार मी "काका, एक सांगायचं..." एवढंच म्हणू शकलो आणि पुढे मिरजेच्या सतारी सुरू झाल्या. खरं सांगायचं तर मला त्या सतारींचा आधारच वाटला.

शेवटच्या शनिवारी पक्कं ठरवून गेलो. बसलो. गळ टाकले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकाच बोलले. तळ्यावर! पाण्याकडे बघत.

"सनीव्हेलच्या जवळ एक तळं आहे. मी बघून ठेवलंय. कार्प आहेत तिथे. पण लायसन्स तिकडचं वेगळं घ्यावं लागेल, इथलं चालणार नाही. आधी ते काढ."

"काका, तुम्हाला कुणी..."

"प्राजक्ता काकूला भेटली दुकानात." मग म्हणाले, "दोन शनिवार तू सांगायचा प्रयत्न करत होतास. मीच बोलत राहिलो."

माझा बॉबर बुडाला. पार दिसेनासा झाला. मी दांडी उचलली नाही, काकांनीही उचल म्हटलं नाही. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू? चाळिशीतला माणूस बादलीवर बसून डोळे पुसतोय, आणि शेजारचा म्हातारा उगाचच गळांची पुडी उघडून पुन्हा बंद करतोय. कणीक खाऊन मासा आपल्या वाटेनं निघून गेला.

परतताना काका गाडीत एक अवाक्षर बोलले नाहीत. त्यांच्या घरी पोचल्यावर मी रिवाजाप्रमाणे दांडी घेऊन गॅरेजच्या भिंतीकडे निघालो.

"परत ठेवा," काका म्हणाले.

"अहो, पण सगळे इथेच..."

"गाडीत परत ठेव. भिंतीवर जागा नाही."

भिंतीवर अजून दहा दांड्या मावल्या असत्या. मी दांडी गाडीत परत ठेवली. बादली तेवढी त्यांनी काढून घेतली. "बादली काय कॅलिफोर्नियाला नेतोस? राहू दे इथे." निघताना मी म्हटलं, "पोचलो की फोन करतो काका." आणि म्हटल्या म्हटल्या माझी मलाच लाज वाटली. काका "हं" म्हणाले आणि रीळ पुसायला लागले.

सनीव्हेलला आल्यावर पहिल्या शनिवारी खोकी उघडायची होती, चहाचं पातेलं सापडत नव्हतं. ते मसाल्यांच्या खोक्यात सापडलं, आणि मी पहाटे उठून व्हिडिओ कॉल लावला. नेपरव्हिलला तेव्हा ऊन आलेलं असतं. काकांनी घरातूनच फोन उचलला. स्क्रीनवर नुसती कानटोपी.

"काय रे, काही राहिलं का इकडे?"

"नाही काका. शनिवार आहे ना. तळ्यावर चला."

कानटोपी स्क्रीनवरून एकदम खाली गेली. मग म्हणाले, "थांब. बूट घालतो."

थोड्या वेळानं तळ्यावरून त्यांचाच फोन आला. स्क्रीन हलली, आभाळ दिसलं, झाडं दिसली, आणि मग पाणी स्थिर झालं. त्यांनी फोन माझ्या उपड्या बादलीवर टेकवून ठेवला होता. मी म्हटलं, "काका, इकडे हवा छान..." स्क्रीनमध्ये कानटोपी डोकावली आणि बोट ओठांवर गेलं. मग आम्ही बसलो. प्राजक्ता उठून आली तर मी टेबलाशी एका लाल ठिपक्याकडे बघत बसलेलो.

"कुणाशी बोलतोयस?"

"बोलत नाहीये. काकांबरोबर आहे."

ती कपाळावर हात मारून गेली. तेव्हापासून दर शनिवारी हेच. माझं इकडचं लायसन्सही आलंय, पण तळ्यावर जायचं ते दुपारी. सकाळ नेपरव्हिलची.

परवाच्या शनिवारी ठिपका नुकताच स्थिर झाला होता, तेवढ्यात स्क्रीनबाहेरून एक नवाच आवाज आला. मराठी होता आणि जरा दबकत बोलत होता. दुकानात याची ट्रॉली नुकतीच रिकामी झाली असणार, हे मी आवाजावरूनच ओळखलं. मला खरंच बरं वाटलं. काकांना माणूस मिळाला. आता माझा फोन बंद झाला तरी चालेल, असं मनात आलं, आणि मी चहाचा कप हातात घेतला.

"काका, माझी बादली गाडीतच राहिली," तो म्हणत होता. "हा फोन उचलून ही घेऊ का बसायला?" आणि स्क्रीन हलली. पाणी गेलं, आभाळ आलं.

"परत ठेवा!" काकांचा आवाज तळ्यावर एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. "तुमची घेऊन या जा. तिथे आमचा माणूस बसलाय."

स्क्रीनवर पुन्हा पाणी आलं. मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि खुर्चीत जरा नीट सरसावून बसलो.