लाल रेघेच्या वर

शनिवारी सकाळी स्लरीचा टँकर दारात आला, तेव्हा काकासाहेबांनी टँकरवाल्याला चहा पाजला, वर पानसुपारी दिली आणि टँकर रिकामाच माघारी लावला. दोन वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. दर शनिवारी गोठ्यामागच्या सिमेंटच्या हौदातलं शेणपाणी टँकरमध्ये ओढायचं आणि लसूणघासाच्या नाहीतर उसाच्या वावरात सोडायचं, हा त्यांच्या मुलाचा, अंगदचा नेम होता. एकादशी मोडेल पण अंगदचा शनिवार मोडणार नाही, असं त्याची आई मालनबाई म्हणत असे.

अंगद धारा काढून बाहेर आला, तोवर टँकर वळणावर दिसेनासा होत होता.

"आप्पा, टँकर का माघारी लावला?"

"बुधवारी पावनं येत्यात."

"मग?"

"मग काय मग! हौद भरल्याला दिसाया पायजे."

अंगद एकतीस वर्षांचा होता. बावीस गाई, चार एकर बागायत, स्वभावाला गरीब, व्यसन म्हणाल तर फक्त गोठ्याचं. तरी तेरा स्थळं येऊन, चहापोहे खाऊन, 'कळवतो' म्हणून गेली होती आणि एकानंही कळवलं नव्हतं. चौदावं स्थळ गहिनीनाथानं आणलं होतं. गहिनीनाथ हा घोडेगावच्या बाजारातला गाईम्हशींचा दलाल. रुमालाखाली बोटं धरून सौदे जमवता जमवता तो लग्नंही जमवायला लागला होता आणि दोन्हीकडं त्याची भाषा एकच असे. अंगदची शिफारस त्यानं "अंगानं धड, खोड कसलीच न्हाई, बांधल्या जागी उभं ऱ्हातंय" अशी केली होती.

मुलीकडचा निरोपही त्यानंच आणला होता. "काकासाहेब, पोरीचा बाप छगनराव लई येगळा गडी हाय. म्हनला, मी घर बघनार न्हाई, माडी बघनार न्हाई. पयलं शेनाचा उकिरडा बघनार. तिथं पटलं तर म्होरचं."

हे ऐकून काकासाहेबांचा जीव भांड्यात पडला. अखेर जुन्या वळणाचा माणूस भेटला होता! पूर्वी सोयरीक करताना शहाणी माणसं उकिरडाच बघत. उकिरडा मोठा म्हणजे दावणीला जनावरं जास्त, जनावरं जास्त म्हणजे रान दांडगं, आणि रान दांडगं म्हणजे लेक उपाशी राहणार नाही. खुद्द काकासाहेबांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी गावातून सात गाड्या शेणखत उसनं आणून उकिरड्यावर रचलं होतं. लग्नानंतर आठव्या दिवशी ते परत जाताना नव्या नवरीनं दारातून पाहिलं. आजही भांडण तापलं की मालनबाई त्या सात गाड्या बाहेर काढत असे.

"आप्पा, हौद वरून दोन फूट मोकळाच ठिवावा लागतो," अंगद म्हणाला. "लाल रेघ उगाच मारली न्हाई मी."

"तेरा स्थळं तुझ्या अकलेनं गेली. आता एक माझ्या अकलेनं हुंदे."

एकतीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलाचं घरात फारसं चालत नाही.

लाल रेघेमागची गोष्ट अशी. गोठ्याखाली उतार, उतारावर ओढा आणि ओढ्याच्या काठाला छबूबाईची विहीर. वस्तीवरची अकरा घरं तिचंच पाणी पितात. दोन वर्षांपूर्वी काकासाहेबांचा जुना मातीचा खड्डा फुटला आणि शेणपाणी थेट विहिरीत गेलं. दीड महिना वस्तीनं टँकरचं पाणी प्यायलं, पोरं जुलाबानं हैराण झाली आणि ग्रामसभेत ठरलं, की पुन्हा एकदा असं घडलं तर गोठा वस्तीवरून उठवायचा. तेव्हा अंगदनं पक्का हौद बांधला, भोवती जाळी लावली आणि आतल्या भिंतीवर तैलरंगानं रेघ मारली.

सोमवारी ती रेघ बुडाली. त्याच दिवशी काकासाहेबांनी शेजारच्या भिमाजीकडून तीन ट्रॉल्या वाळलं शेणखत आणून हौदाशेजारच्या उकिरड्यावर रचलं. भिमाजीनं एवढंच विचारलं, "पावनं गेलं की माघारी ना?" त्याचाही मुलगा, करण, लग्नाचा राहिला होता, त्यामुळं अशा कामाला तो नाही म्हणत नसे.

छबूबाई मात्र जाळीला धरून उभी राहिली. सत्तरीची म्हातारी, पण आवाज असा की ओढ्यापलीकडची कुत्री गप्प होत.

"काकासायेब, हौद तोंडाला आलाय तुजा. माज्या हिरीत येक थेंब जरी आला ना, तर तुज्या बावीसच्या बावीस गाया सरपंचाच्या दारात नेऊन बांधीन!"

"छबूआत्या, बुधवारपत्तुर दम धर. पोराचं लगीन हाय."

"लगीन हौदात लावनार हायेस का?"

बुधवार उजाडला. अंगदला काकासाहेबांनी दाढी करायला आणि तिथूनच पाहुण्यांना घेऊन यायला फाट्यावर पाठवलं. घरी मालनबाईनं आणि तिच्या जावेनं, बनुबाईनं, पदर खोचला. पाहुणे गोठा बघणार म्हटल्यावर बावीसच्या बावीस गाई धुतल्या. मग गाईंखालची फरशी धुतली. मग गव्हाणी धुतल्या. बनुबाईला काम पुरेना म्हणून तिनं मोटारसायकलही गोठ्यात आणून धुतली. हे सगळं पाणी नालीनं शिस्तीत हौदाकडं निघालं होतं, कारण अंगदनं नाली तशीच काढली होती.

दहा वाजता काकासाहेब नवं धोतर नेसून, फेटा बांधून हौदावर गेले आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. हौद काठोकाठ भरला होता. वर आलेली साय वाऱ्यानं हलत होती आणि एका कोपऱ्यातून पहिला ओघळ भिंतीवरून खाली उतरत होता.

"पानी बंद करा!" ते ओरडले.

"झालंच, एक कालवड ऱ्हायली!" आतून मालनबाई.

काकासाहेबांनी विचार केला, की हौदाच्या तळाशी असलेला व्हॉल थोडा उघडला तर वीतभर पातळी उतरेल. व्हॉलला एरवी जाड पाईप जोडलेला असे आणि तो शेणपाणी खालच्या घासात नेई. पण तो काळाकुट्ट, शेणानं माखलेला पाईप पाहुण्यांच्या नजरेला बरा दिसणार नाही म्हणून काकासाहेबांनीच आदल्या दिवशी काढून कडब्याच्या गंजीमागं टाकला होता. हे ह्या घाईत त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. त्यांनी व्हॉल फिरवला. काहीच आलं नाही. आत काडीकचऱ्याचा बोळा अडकला होता. त्यांनी पहार आणली आणि व्हॉलच्या तोंडातून आत एक दणका दिला, मग दुसरा.

तिसऱ्या दणक्याला बोळा सुटला. बोळ्यामागून व्हॉल निखळला आणि व्हॉलमागून हौद आला.

मांडीएवढ्या जाडीची काळी धार काकासाहेबांच्या नव्या धोतराला कडकडून भेटली आणि उतारानं ओढ्याकडं धावली. नेमकी त्याच वेळी अंगदची गाडी अंगणात वळली. पुढं अंगद पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात, शेजारी छगनराव, मागं गहिनीनाथ.

अंगदनं ना पाहुण्यांकडं बघितलं, ना शर्टाकडं. चालत्या गाडीतून उतरावं तसा तो उतरला आणि पळत सुटला. "आई, पोती आन! काकी, फावडी!" धारेच्या पुढं जाऊन त्यानं आडवी माती ओढायला सुरुवात केली. ओढा वीस पावलांवर होता. माती कोरडी, धार जोराची. बांध घातला की वाहून जाई. शेवटी त्याची नजर उकिरड्यावर गेली. वाळलं शेणखत पाणी पितं, हे त्याला ठाऊक होतं.

"आप्पा, ढिगारा ओढा खाली! सगळा!"

"आरं, ते भिमाजीचं—"

"वडा म्हनतो ना!"

काकासाहेबांनी मुलाला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते मुकाट्यानं ढिगाऱ्याला भिडले. मालनबाई आणि बनुबाई पाट्या भरू लागल्या. गहिनीनाथ 'माझं कंबरडं' म्हणत गाडीत जाऊन बसला. छगनरावांनी मात्र पायजमा गुडघ्यापर्यंत सारला, एक पाटी उचलली आणि कुणी काही म्हणायच्या आत ते बांधावर होते. ओढ्याच्या काठाला छबूबाई काठी घेऊन उभी होती. धार अडवायला ती काठीच पुरेल असा तिचा आवेश होता.

तीन ट्रॉल्या खताचा आडवा बांध पडला आणि व्हॉलच्या भोकात पोती कोंबली, तेव्हा धार थांबली. ओढा चार हातांवर राहिला. अंगदनं खाली जाऊन ओढ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला आणि वर बघून मान हलवली. छबूबाईनं काठी खाली ठेवली. काकासाहेब मटकन खाली बसले. गोठा वाचला होता. सोयरीक गेली हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

छगनरावांनी हात पुसून छातीच्या खिशातला, कॅमेरा बाहेर ठेवून खोचलेला मोबाईल काढला. पडद्यावर एक मुलगी दिसत होती. चष्मा, केस घट्ट बांधलेले, मागं प्रयोगशाळेतल्या बाटल्या.

"आमची पंकजा. राहुरीला माती-पाणी तपासायच्या कामाला असती," ते म्हणाले. "मघापासनं बघतीय ती. तिच्याच सांगन्यावरून आलो हुतो."

"पप्पा, हौदाच्या आत दाखवा," मोबाईलमधून आवाज आला.

हौद आता निम्मा रिकामा झाला होता. ओल्या भिंतीवर लाल रेघ उघडी पडली होती आणि तिच्याखाली अंगदचं वळणदार अक्षर: 'याच्या वर भरू नये.'

"ही रेघ कुणी मारली?"

"मी," अंगद म्हणाला. त्याच्या भुवईवरून शेण ओघळत होतं.

"मग हौद रेघेच्या वर कसा गेला?"

अंगदनं वडिलांकडं एकदा पाहिलं. "चूक माझी हाय. शनिवारी टँकर लावायचा ऱ्हायला."

चौदावं स्थळ समोर उभं होतं आणि पोरगं आपल्या हातानं ते लाथाडत होतं, बापाची अब्रू राखायला. एवढ्यात कुंपणावरून भिमाजी आला. त्यानं बांधाकडं पाहिलं, उकिरड्याच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं.

"काकासाहेब! माज्या तीन ट्रॉल्या वड्यात घातल्या व्हय?"

मालनबाईनं कपाळावर हात मारला. "सात गाड्यांवर अजून तीन ट्रॉल्या," ती पुटपुटली.

काकासाहेब उठले. फेटा काढून त्यांनी काखेत धरला. चुकलो असं म्हणायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं शब्द शोधायला वेळ लागला.

"पोराची काय बी चूक न्हाई. टँकर मी माघारी लावला. खत उसनं मी आनलं. पाईप मी काढला. पोरगं नको नको म्हनत हुतं. गहिनीनाथ म्हनला, पावनं उकिरडा बघत्यात. मला वाटलं, मोठा दिसाया पायजे."

छगनरावांनी गाडीकडं पाहिलं. गहिनीनाथानं काच वर केली.

"आवो, किती हाय ते कशाला बघू आमी?" छगनराव म्हणाले. "आमच्या गावात एका गोठ्याचं पानी हिरीत मुरलं. ह्या पोरीची आजी कावीळ हून दोन महिनं दवाखान्यात हुती. तवापासनं पोरीचं एकच म्हननं हाय. ज्या घरचं शेन कुठं जातं ते त्या घराला ठावं हाय, तिथंच मी जानार. आधीच्या दोन जागी माडी चांगली हुती. शेन मात्र वड्यात."

काकासाहेबांना सगळा हिशोब उलटा फिरलेला दिसला. गेल्या शनिवारपर्यंत ह्या मुलीला दाखवण्यासारखा तालुक्यात एकच हौद होता, आणि तो चार दिवसांत आपणच कष्टानं नासवला.

"मग काय ठरवलंस गं?" छगनरावांनी मोबाईलला विचारलं.

पंकजानं चष्मा सारखा केला. बघत होती ती हौदाकडं नव्हे.

"बांध चांगला घातलाय," ती म्हणाली. "माझा होकार आहे. फक्त काकांना सांगा, शनिवारचा टँकर परत माघारी लावायचा नाही."

मालनबाईनं गाडीची काच ठोकून गहिनीनाथाला बाहेर काढलं आणि शेणाच्या हातानंच त्याच्या तोंडात साखर कोंबली.

पुढच्या शनिवारी टँकर वेळेवर आला. टँकरवाला मात्र तोंड पाडून होता.

"धंदा बसला, काकासाहेब. भिमाजीनं टँकर नको म्हनलं. पलीकडल्या वस्तीवरच्या तिघांनी बी. ज्याच्या ज्याच्या घरी लग्नाचं पोरगं हाय त्यो हौद भरून ठिवतोय. म्हनत्यात, अंगदचं तेरा येळा जमलं न्हाई, हौद फुटला तवाच जमलं."

काकासाहेबांनी कपाळ बडवून घेतलं. घरात जाऊन अंगदचा लाल रंगाचा डबा आणि ब्रश शोधला आणि तडक भिमाजीच्या गोठ्यावर गेले. भिमाजीचा हौद तोंडाला आला होता. काठाला करण नवा शर्ट घालून उभा होता.

"भिमाजी, टँकर बोलाव. पातळी खाली गेली की वरून दोन फुटांवर रेघ मारून देतो. त्याच्या वर भरू नगं. छबूआत्याची हीर हाय खाली."

भिमाजीनं ब्रशकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, मग काकासाहेबांकडं पाहिलं आणि दोन्ही हात पसरून हौदापुढं आडवा उभा राहिला.

"सोताच्या पोराचं जमलं, काकासाहेब," तो म्हणाला, "आन् आता आमच्या पोरांच्या आडवं येताय व्हय?"