ट्रकचा खालचा बोल्ट

वऱ्हाड तीन वाजता निघायचं होतं आणि भर बारा वाजता नवरदेवाचा बाप धर्मराज ट्रकखाली उताणा पडलेला होता. लग्न उरणजवळच्या गावात, गोरज मुहूर्तावर. कामोठ्यात ट्रक एकच, धर्मराजचा, मिठाची पोती वाहणारा. नवरदेवासकट चाळीस माणसं त्यातूनच जायची होती.

दोन दिवसांपूर्वी तो ट्रकचं ऑइल बदलायला पनवेलला अमजद मिस्त्रीकडे गेला होता. अमजद म्हणाला, गाडी ठेवून जा, उद्या संध्याकाळी न्या. यातला निम्मा वेळ गप्पांत जातो, हे धर्मराजला ठाऊक होतं. शिवाय ट्रकबरोबर एक पुस्तिका आली होती. तिच्यातलं इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण चित्रं त्यानं वर्षभर अभ्यासली होती. त्यांत पांढरा सदरा घातलेला एक माणूस हसत हसत खालचा बोल्ट काढत होता. सदऱ्यावर एक डाग नव्हता.

"बोल्ट काढायचा, काळा ऑइल सोडायचा, नवा भरायचा," धर्मराज म्हणाला. "त्याला मिस्त्री कशाला?"

अमजद रागावला नाही. "खुशाल करा, शेठ. फक्त बोल्ट निघाला की आधी खिशात टाका."

पोराटोरांना सांगावं तसं हे सांगणं धर्मराजला झोंबलं. आणि आज लग्नाचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून तो नुसत्या पंचावर ट्रकखाली शिरला होता. पंचाला खिसा नसतो.

बोल्ट निघाला, पाठोपाठ कढत ऑइलची धार बोटांवर आली आणि बोल्ट हातातून सुटून खालच्या घमेल्यात बुडाला. निवल्यावर काढू, असं धर्मराजनं ठरवलं. तेवढ्यात देवापुढे नारळ ठेवायला नवरदेवाचा बाप पाहिजे म्हणून त्याला मांडवात बोलावणं आलं. पाव तासानं तो परतला, तर घमेलं पुसून काढल्यासारखं रिकामं.

जळक्या ऑइलला गावात मोठा मान होता. घराच्या मेढींना, म्हणजे लाकडी खांबांना फासलं की वाळवी लागत नाही, बैलगाडीचा आस कुरकुरत नाही, होडीचा तळ कुजत नाही. एरवी ते अमजदच्या गॅरेजातच राहायचं. आज गावात निघालंय म्हटल्यावर लोक भांडी घेऊन आले आणि धर्मराजच्या बायकोनं, चंद्रावतीनं, सढळ हातानं वाटून टाकलं.

"लग्नाचा घर हाय. नाय कसा म्हणणार?" ती म्हणाली. काशीराम, महादेव आणि ठमाबाई, तिघांनी नेलं होतं.

धर्मराज धावत सुटला. काशीरामच्या मडक्यात त्यानं कोपरापर्यंत हात घातला. काही नाही. महादेव खाडीवर होडीला ऑइल फासत होता; त्याचा डबा उपडा केला, खालचा चिखल चाळला. काही नाही. ठमाबाईच्या घरी तिची सून होती. मेढी काळ्याभोर झाल्या होत्या आणि भांडं धुऊन पालथं घातलेलं. त्यात काही सापडलं का, असं विचारलं तर ती म्हणाली, सासूला विचारा.

सासू मांडवात होती. ठमाबाई गावची धवलारीण. तिनं लग्नाची गाणी, म्हणजे धवळे, गायल्याशिवाय लग्न लागलं असं कामोठ्यात कोणी मानत नसे. भगवान, म्हणजे नवरदेव, पाटावर बसला होता आणि धवळा सुरू झाला होता. सुरू झालेला धवळा मध्ये तोडत नाहीत. धर्मराजनं समोर उभं राहून काळ्या बोटांनी हवेत बोल्ट काढून दाखवला. ठमाबाईनं सूर न सोडता डोळे वटारून त्याला लांब हो म्हणून खुणावलं. मग सगळ्या देवांची नावं आली, मग सगळ्या नातलगांची. सव्वादोन वाजले, तरी धवळा चालूच.

आणि अमजद आला. त्याला लग्नाचं आमंत्रण होतं. पांढरेशुभ्र कपडे, कानात अत्तराचा फाया. त्यानं वाकून ट्रकखाली पाहिलं.

"बोल्ट?"

धर्मराजनं रिकामं घमेलं पुढे केलं.

"खिशात पाहा," अमजद म्हणाला.

धर्मराजनं आपल्या पंचाकडे पाहिलं. पनवेलला सायकलवर जाऊन दुसरा बोल्ट आणायचा, तर चार वाजले असते आणि मुहूर्त गेला असता. शेवटी महादेवच होडीचं लाकडी बूच घेऊन आला.

"माजी होडी याच्यावर तरते."

"खाडीचं पाणी थंड असतं, भाऊ," अमजद म्हणाला. पण त्यानं बाह्या वर सारल्या, बूच तासलं, चिंधी गुंडाळली आणि ठोकून बसवलं. नवं ऑइल ओतलं. सगळं गाव वाकून पाहत राहिलं. एक थेंब पडला. दुसरा पडला. तिसरा लोंबकळत राहिला.

वाटेत दर दोन मैलांना ट्रक थांबत होता आणि अमजद आपल्या पांढऱ्या कपड्यांनिशी खाली शिरत होता. मागे ठमाबाई अजून गातच होती, भगवान मुंडावळ्या सांभाळत होता. जासईपाशी जळक्या लाकडाचा वास आला. अमजदनं आपला रुमाल फाडून भोकात ठासला. धर्मराजची नजर एकदा सूर्याकडे, एकदा रस्त्याकडे. हे लाकूड सुटलं तर पोराचं लग्न आपल्या हातानं मोडलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सूर्य माडांना टेकता टेकता ट्रक मांडवाशी लागला. अक्षता पडल्या, अंतरपाट सरला. भगवान हार घालायला वाकला, त्याच्या कमरेला बांधलेल्या पिवळ्या फडक्याची गाठ सैल झाली आणि टण्‌ करून काहीतरी अमजदच्या पायाशी पडलं.

बोल्ट.

धर्मराज झेपावला, पण ठमाबाईनं तो आधीच उचलला होता. "माज्या भांड्यात गवसला, मीच बांधला," ती म्हणाली. "हळद लागलेल्या पोराच्या कमरेला तुमी लोखंड बांधलाच नव्हता. भुताखेतांच्या वाटेनं तसाच धाडायचा व्हता काय?"

"ठमाबाय, तो ट्रकचा हाय."

"हळद उतरेपरत नवऱ्याचा हाय." तिनं बोल्ट फडक्यात घालून गाठ पुन्हा आवळली.

अमजदनं आपल्या कपड्यांकडे पाहिलं. "राहू द्या, शेठ," तो म्हणाला. "आलो तसेच जाऊ."

ते लाकडी बुचावरच परतले; बोल्ट हळद उतरल्यावर ट्रकला परत लागला. गावानं एवढंच ध्यानात ठेवलं, की ट्रकला बोल्ट नव्हता तरी वऱ्हाड सुखरूप आलं, कारण तो नवरदेवाच्या कमरेला होता. पुढच्या उन्हाळ्यात गावात तीन लग्नं ठरली आणि तिन्ही घरांनी धर्मराजकडे तोच बोल्ट मागितला. दुसरा चालेल का, असं त्यानं विचारून पाहिलं. चालत नव्हता.

बोल्ट काढायचा म्हणजे ऑइल सोडणं आलं. धर्मराज ट्रक घेऊन गॅरेजच्या दारात उभा राहतो आणि मान खाली घालतो. ऑइल बदलायचं का, असं अमजद आता विचारत नाही.

"कोणाचं लगीन, शेठ?" एवढंच विचारतो.