दलदलीतला दुर्मीळ पाहुणा

निवृत्त बँक मॅनेजरांनी पक्ष्यांचे फोटो काढण्याचा ध्यास घेतला, म्हणजे कॅमेरा त्यांनी घेतला आणि तिपाई बायकोच्या खांद्यावर गेली. पक्षीमित्रांच्या ग्रुपचं वसंतातल्या सर्वोत्तम फोटोचं बक्षीस यंदा मिळालं, तरच त्यांना घरात तोंड वर करून बोलता येणार होतं.

नशिबाने साथ दिली. पाणथळीत, पिवळ्या रानफुलांमध्ये त्यांना एक अनोळखी पक्षी दिसला. इतका समंजस, की मान म्हणून हलवेना! मॅनेजरांनी ढीगभर फोटो काढले. सगळे सारखेच आले, तरी त्यातला बरा निवडून त्यांनी ग्रुपवर टाकला.

ग्रुपचे सर्वज्ञ म्हणजे दातांचे एक डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून ते संध्याकाळी पक्ष्यांवर बोलत. त्यांनी तत्काळ निदान केलं, "अतिदुर्मीळ! वाट चुकून आलाय. उद्या सकाळी सगळ्यांनी यायचं!"

मॅनेजर सपत्नीक सर्वांच्या आधी पोहोचले. बाई मोबाइलवर फुलं टिपत टिपत थेट पक्ष्यापर्यंत गेल्या आणि त्यांनी तो उचलला.

"अहो, लाकडाचा आहे हा! खऱ्या पक्ष्यांना भुलवायला ठेवलेला दिसतोय. खाली खुंटी आहे, बघा!"

मॅनेजरांचा चेहरा पांढराफटक पडला. "ठेव! आधी ठेव तो! मंडळी येतायत. आणि कुणाला अवाक्षर बोलायचं नाही, सांगून ठेवतो!"

बाईंनी पक्षी घाईघाईने चिखलात रोवला. त्याचं तोंड नेमकं उलट्या बाजूला झालं.

पक्षी बुजेल म्हणून डॉक्टरांनी मंडळींना लांबच चिखलात पालथं पाडलं. दुर्बिणीतून पाहताच ते कुजबुजले, "काल फोटोत आपल्याकडे पाठ होती. आज तोंड! ओळखायला लागलाय आपल्याला!"

बक्षीस डॉक्टरांनी त्या सकाळी काढलेल्या त्याच पक्ष्याच्या फोटोला मिळालं. मॅनेजरांच्या फोटोतला पक्षी अगदीच निर्जीव वाटतो, असं परीक्षकांचं मत पडलं.

हे मात्र मॅनेजरांच्या जिव्हारी लागलं आणि त्यांना एकदम सत्याचा पुळका आला. भर समारंभात उभं राहून ते ओरडले, "लाकडाचा आहे तो! हिने स्वतःच्या हाताने फिरवलाय! विचारा हिला!"

सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या. बाईंनी खांद्यावरची तिपाई खाली ठेवली आणि सुस्कारा सोडला.

"मनावर घेऊ नका हो डॉक्टर. बँकेत बढती हुकली, की तेव्हाही हे असंच काहीतरी बोलायचे."