दुप्पट अधिक तीस

नवा थर्मामीटर भंडाऱ्याहून घरी आला सोमवारी सकाळी, आणि दुपारच्या आत त्याने खुशालच्या घरातली चारही माणसं आडवी केली.

सुरुवात गुंजनपासून झाली. तिने ताटातला भात अर्धा टाकला. अकरा वर्षांची ही पोरगी भात टाकते म्हणजे अंगात काहीतरी आहे, असं तिच्या आईला, रीताला, वाटलं. शेजारच्या घरी ती आधीच पोहे खाऊन आली होती; ते तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही आपण होऊन सांगितलं नाही. रीताने नवा थर्मामीटर तिच्या काखेत धरला. पीप वाजलं. आकडा आला ३७.१.

जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटेपर्यंत या घरात अठ्ठ्याण्णवच्या खाली काही ऐकलं नव्हतं. सदतीस म्हणजे नातीचं अंग गार पडत चाललं, असं समजून सत्यभामाबाईंनी तिचे तळपाय चोळायला घेतले. खुशाल मात्र शांत होता. हे सेल्सिअस आहे, त्याचं फॅरनहाइट करावं लागतं, एवढं त्याला ठाऊक होतं. आणि ते कसं करायचं हे तर साऱ्या कारधा गावात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

खुशालने कॉलेजात दोन वर्षं काढली होती आणि त्यातून हाताशी राहिलेली गोष्ट ही एकच: दुप्पट करायची, तीस मिळवायचे. दर मे महिन्यात पानठेल्यावर कुणी म्हणालं की आज शेचाळीस होतं, की पान तोंडात सारता सारता तो सांगायचा, "म्हणजे एकशे बावीस." ऐकणारे माना डोलवायचे. खरा आकडा त्याहून सात डिग्री कमी असतो, पण भंडाऱ्याच्या उन्हात उभं राहून ही तक्रार कोण करणार? उलट एकशे बावीसही लोकांना कमीच वाटायचे.

सदतीस पूर्णांक एकची त्याने दुप्पट केली, तीस मिळवले, आणि त्याचा चेहरा उतरला.

"किती?" रीताने विचारलं.

"एकशे चारच्या वर."

मग ओल्या पट्ट्या आल्या, तापाची गोळी आली. गुंजनला शाळेत जायचं नव्हतंच, त्यामुळे तिने एकशे चारला काही हरकत घेतली नाही. रीताच्या मनात आलं, एवढा ताप एकटीला कसा येईल? तिने स्वतःचा पाहिला. एकशे तीन पूर्णांक सहा. सासूचा पाहिला. एकशे दोनच्या वर. खुशालचा बरोबर एकशे चार निघाला आणि तो आकडा ऐकताक्षणी सकाळपासून बैलासारखा राबलेल्या या माणसाचे गुडघे दुखायला लागले. सत्यभामाबाईंना तर पेज करून मिळाली, वर लिंबाचं लोणचं. सून दोनदा कपाळाला हात लावून गेली. इतक्या वर्षांत असा ताप त्यांना आला नव्हता.

हे सगळं दुसऱ्या एखाद्या दिवशी झालं असतं तर घरातल्या घरात निवलं असतं. पण मंगळवारी खुशालच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाची रोवणी होती. गावातली अकरा बायांची एकुलती टोळी मंदाबाईची, आणि तिच्याकडे नंबर लागतो. खुशालचे पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, चोवीस दिवसांचे होऊन अगदी हातात आले होते. मंगळवार हुकला की पुढचा नंबर बारा दिवसांनी; तोवर पऱ्हे जून होणार आणि धानाला फुटवे धरणार नाहीत. वर्षाचं पीक त्या एका नंबरावर उभं होतं.

आणि उद्या कोणत्या बांधीपासून सुरू करायचं हे विचारायला मंदाबाई नेमकी त्याच दुपारी आली. घरापुढच्या छपरीत चार माणसं कपाळावर ओली फडकी घेऊन ओळीने निजलेली.

"काय झालं जी?"

"ताप," खुशाल म्हणाला. "मले एकशे चार. पोरीले जरा जास्त."

मंदाबाई दोन पावलं मागे सरली. "मंग कसं करता, खुशालभाऊ? माह्या बायाईच्या घरी लहान लहान लेकरं आहेत. तापाच्या घरचा चहा पाजू का त्याईले?"

"चहा नोका पिऊ."

"चहा नाही त रोवणी कायची," मंदाबाई म्हणाली आणि तडक कुंपणापलीकडच्या कैलाशच्या अंगणात गेली.

कैलाशचं आणि खुशालचं शेत लागून, घर लागून, आणि चढाओढही तशीच लागून. यंदा माझी रोवणी खुशालच्या आधी होते, असं कैलाश पानठेल्यावर बोलून बसलेला. आता मंगळवारचा नंबर चालत अंगणात आला आणि ऐकायला गावची चार माणसं बसलेली. तो "हो" म्हणाला. कपाळावरच्या पट्टीखाली निजल्या निजल्या खुशालने ते "हो" ऐकलं, आणि त्या वेळी मात्र त्याचं अंग खरंच तापलं असावं.

अर्ध्या तासाने कैलाश कुंपणाशी आला. तुझ्या बांधीतलं पाणी माझ्या बांधीत उतरतं, त्यातून ताप येतो का, असं त्याने विचारलं. खुशालला ठाऊक नव्हतं. मग त्याने थर्मामीटर मागितला. टोळी शेतात घेण्याआधी एकेक बाई तपासून घेतो म्हणाला. खुशालने थर्मामीटर प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून कुंपणावरून दिला, आणि त्याच्यासोबत दुप्पट अधिक तीसही.

कैलाशने देवळाच्या ओट्यावर अकरा बाया ओळीने बसवल्या. त्यातली सगळ्यात थंड बाई एकशे दोनची निघाली. शेवटी त्याने स्वतःचा पाहिला: एकशे चार पूर्णांक चार. गावातला सगळ्यात मोठा आकडा आपल्याच काखेत आहे हे कळल्यावर त्याने तिथल्या तिथे मंगळवारची रोवणी रद्द केली, थर्मामीटर खुशालच्या कुंपणावर अडकवला आणि घरी जाऊन खाट धरली.

एका दुपारी सोळा तापाचे रुग्ण. गावची आशा सेविका दीपमाला स्कूटीवरून आली ती रक्ताच्या तपासणीचं सामान घेऊनच. आधी खुशालकडे. तिने गुंजनच्या मानेला हात लावला, मग खुशालच्या.

"थंडे त आहात तुमी सगळे."

तिच्या थर्मामीटरवर खुशालचा ताप आला अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. मग तिने सदतीस कुठून आले, एकशे चार कुठून झाले हे विचारून घेतलं आणि पदराआड हसली. दुप्पट नसते, पावणेदोनपटीहून थोडं जास्त असते. आणि तीस नाही, बत्तीस मिळवायचे असतात, असं तिने समजावलं. "हवामानाले चालून जाते, भाऊ. पण माणसाच्या आंगात खऱ्या तापाले जागाच चार-पाच डिग्रीची. तुमचा साडेपाच डिग्री ताप नुसता हिशोबाचा आहे."

रीता लगेच उठून भांडी घासायला लागली. गुंजनला उद्याची शाळा दिसली. सत्यभामाबाई मात्र पडूनच राहिल्या. आलेला ताप असा आकड्याने जात नसतो, त्या म्हणाल्या, आणि पेज उरली आहे का विचारलं.

खुशाल दारात उभा राहून वेगळीच जुळवाजुळव करत होता. कैलाशने टोळी सोडली, म्हणजे मंगळवार मोकळा. पण ताप खोटा आहे हे कैलाशला कळलं तर तो नंबर परत धरणार. म्हणजे आता उद्या संध्याकाळपर्यंत गावाला ताप हवा. दुपारभर जो उतरावा म्हणून गोळ्या गिळल्या, तोच जपायची वेळ आली. त्याने दीपमालाला विनवलं. मी आपण होऊन सांगत नाही, पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही, एवढं तिने कबूल केलं.

मंदाबाईच्या दारात जाऊन त्याने सगळं खरं सांगितलं.

"मले त ओट्यावरच समजलं," ती म्हणाली. "अकरा बायाईले ताप असता त तंबाखूच्या पुडीवरून एवढं भांडण झालं असतं का? पण कैलाशभाऊनं जा म्हणलं, आमी गेलो." मग तिनेच विचारलं, "चहा पाजसान ना?"

मंगळवारी अकरा बाया डोक्याला घट्ट फडकी बांधून खुशालच्या बांध्यांत उतरल्या. कैलाशच्या घराकडून कुणी शेताच्या कडेच्या धुऱ्यावर दिसलं की सगळ्या एका सुरात कण्हायच्या आणि माणूस पुढे गेलं की हसता हसता चिखलात बसायच्या. चार वेळा चहा झाला. दिवस कलायच्या आत शेवटची बांधी हिरवी झाली.

आणि मग खुशालचं मन त्याला खायला लागलं. शेजारी दोन दिवस निजून आहे, गोळ्या खातो आहे, आणि आपण त्याला बोललो नाही. हातपाय धुऊन तो कैलाशकडे गेला. कैलाश खाटेवर, कपाळावर पट्टी. खुशालने खाली मान घालून सगळं सांगितलं: दुप्पट, तीस, अठ्ठ्याण्णव, आजची रोवणी.

कैलाशने पट्टी उलटून थंड बाजू कपाळावर घेतली.

"मले कालच माहीत आहे."

"कसं?"

"घंटाभर भेलो मी. मंग रीनानं हात लावून पाह्यलं अन् म्हणे, उठा, ढोरं पाण्यावर न्या." रीना म्हणजे त्याची बायको.

"मंग निजून काहून राहिला बे?"

कैलाशने दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "पऱ्हे माहे चौदा दिवसाचे. वीतभर नाही झाले. तिकडं मी मोठा बोलून बसलो, अन् मंदाबाईनं चार लोकाईसमोर नंबर आणून देला. काय सांगू? थरमामीटर मांगायले आलो, तवा तेच पाहून राहिलो होतो, काही निघते का त्यातून. निघालं. तू आता कोणाले बोलजो नोको, बाप्पा. अजून आठ दिवस लागतात."

"आठ दिवस निजून राहशील?"

"राहतो ना. घरात कोणी काम सांगून नाही राहिलं."

खुशाल खाटेच्या काठावर बसला. रीनाने आणलेला चहा दोघांनी घेतला. एवढ्यात अंगणात पावलं वाजली. शेतातून परतताना मंदाबाई आली होती, पाय अजून चिखलाचे. कैलाशने कप खुशालच्या हातात कोंबला, डोळे मिटले आणि कण्हायला लागला.

मंदाबाई आत आली नाही. दारातूनच तिने खाटेकडे एकदा पाहिलं.

"निजा, कैलाशभाऊ, निजा. घाई नोका करू," ती म्हणाली. "तुमच्याच धुऱ्यावरून आली मी आता. तुमच्या पऱ्ह्याईले अजून आठ दिवसाचा ताप आहे."