अकरा घंटा, पाच सूर

अश्विन गुरुजी महाडहून पाच दिवसांचं संगीताचं प्रशिक्षण घेऊन परतले ते छाती फुगवूनच. कापड्याच्या वर डोंगरात त्यांची वाडी; बावीस घरं, शाळेत चौदा मुलं आणि शिक्षक हे एकटेच. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, की शुक्रवारी केंद्रप्रमुख येतील तेव्हा असा कार्यक्रम करतो, की आख्ख्या पोलादपूर तालुक्याने तोंडात बोट घालावं.

प्रशिक्षणात त्यांना ओर्फ पद्धत शिकवली होती. मुलांना सारेगम घोकायला लावायचं नाही. टाळ्या, चुटक्या, मांडीवरच्या थापा आणि तोंडातले रोजचे शब्द, यांतूनच ताल काढायचा. मग सोपी वाद्यं हातात द्यायची आणि चाल मुलांनाच रचू द्यायची. गुरुजींनी ‘नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं’ एवढ्यावर सुरुवात केली आणि दोन दिवसांत पोरं जेवतानाही ताटं बडवू लागली. घरोघरच्या आया वैतागल्या. गुरुजी म्हणाले, पद्धत लागू पडतेय.

अडलं ते वाद्यांवर. महाडला लाकडी पट्ट्यांची सुंदर वाद्यं होती. शाळेत होता एक फुटका ढोल. तेव्हा गुरुजींनी मुलांना घरात जे वाजतं ते आणायला सांगितलं. झाकणं आली, पळ्या आल्या, एकाने चालू गजराचं घड्याळ आणलं, ते गणिताच्या तासाला वाजलं. आणि तिसरीतल्या समीक्षाने आजीच्या गाईच्या गळ्यातली पितळी घंटा आणली.

गुरुजींनी तिच्यावर पेन्सिल मारून पाहिली आणि त्यांना वाडीत खजिना सापडला. गुरं राखणारा हैबती लेकीकडे दासगावला गेला होता, गुरं तीन दिवस गोठ्यातच पेंढा खात होती. त्यांना घंटा हव्यात कशाला? संध्याकाळपर्यंत शाळेत अकरा घंटा जमा झाल्या.

पण अकराही घंटा अकरा तऱ्हांनी बोलत होत्या. एक खोकल्यासारखी, एक पातेलं पडल्यासारखी. भूप रागाला पाच सूर पुरतात आणि त्यांत मुलांनी कसंही वाजवलं तरी गोडच लागतं, हे गुरुजी ताजंच शिकून आले होते. त्यांनी कानस घेतली, मोबाइलवर तंबोरा लावला आणि दोन दिवस बसून एकेका घंटेची कड घासत तिला सुरात आणली. अकरा घंटा, पाच सूर. हाताला फोड आले, पण समाधान असं की गुरुजी झोपेतही हसत होते.

शुक्रवारचा कार्यक्रम अप्रतिम झाला. मुलांनी स्वतः रचलेली चाल वाजवली. केंद्रप्रमुखांनी व्हिडिओ काढला आणि गुरुजींची पाठ थोपटली. सुट्टी झाल्यावर ज्याने जी वाजवली ती घंटा घेऊन तो घरी पळाला आणि आपल्या गुराच्या गळ्यात बांधून मोकळा झाला. कुणाची कुणाकडे गेली हे कुणी पाहिलं नाही. गुरुजींनीही नाही.

हैबती रात्री परतला आणि शनिवारी सकाळी नेहमीप्रमाणे गुरं घेऊन रानात गेला. चाळीस वर्षं तो वाडीची गुरं राखत होता. निघताना बायकोला, बयाबाईला म्हणाला, की गुरांचा आवाज आज निराळाच येतोय, दासगावच्या वाऱ्याने कान बसले वाटतं. तो मनातून घाबरला होता. म्हणून त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

दिवस मावळताना तो गुरं घेऊन उतरला. साळूबाईच्या, म्हणजे समीक्षाच्या आजीच्या अंगणाशी थांबून त्याने एका जनावराच्या पाठीवर थाप मारली.

“घे गो साळू, तुझी गाय. गाभण हाय, जरा जपून.”

तो कोंडाजीचा बैल होता. दगडी गडगा धरून उभी असलेली माणसं खो-खो हसली. गुरुजीही हसले. हैबतीही हसला आणि बैलाची पाठ मायेने कुरवाळत राहिला. तो ती कुरवाळतच राहिला, तसं एकेकाचं हसू थांबलं.

कोंडाजीने त्याच्या तोंडासमोर हात हलवून पाहिला. हैबतीची पापणी लवली नाही.

कधीपासून, ते मग बयाबाईने सांगितलं. चार वर्षं. काचबिंदू होता, महाडच्या डॉक्टरांनी पाहिलं तोवर उशीर झाला होता. वाट पायांना पाठ होती आणि गुरं घंटेवरून कळत. त्या कानांच्या जोरावर चार वर्षांत एक जनावर चुकलं नव्हतं.

साळूबाईची गाय मात्र रानातच राहिली होती. ती सकाळी घळीत सापडली, वासरासकट सुखरूप. कुणी हैबतीला बोल लावला नाही. उलट सगळेच मऊ बोलले. त्याच मऊपणाने त्यांनी ठरवलं, की यापुढे गुरं पाळीपाळीने राखायची.

गुरुजींनी घंटा परत मागून आणल्या, जुने आवाज काढायची खटपट केली. घासलेलं पितळ परत कुठून येणार? शेवटी आठवड्याने ते हैबतीच्या ओटीवर जाऊन बसले आणि माफी मागू लागले.

“तुमाला कुठं ठाव होतं, गुरुजी,” हैबती म्हणाला. “कुणालाच ठाव नव्हतं. त्यातच माझं बरं चाललं होतं.”

बयाबाईने चहा आणून ठेवला. इतक्यात ओटीखालच्या वाटेने गुरं परतली. घंटा गोड वाजत होत्या, अगदी शुद्ध भूप. हैबतीने मान तिरकी केली, ऐकलं, पुन्हा ऐकलं.

“पुढं कुणाची गाय गेली ओ, गुरुजी?”

गुरुजींना या वाडीत सहावं वर्ष होतं. त्यांनी डोळे ताणून पाहिलं.

“तांबडी होती,” ते म्हणाले.

हैबतीने तिरकी मान सरळ केली.

“तांबड्या चार हायत,” तो म्हणाला.