कोथिंबिरीच्या वाफ्यातली पाटी

आमच्या शेजारचा हॅरल्ड कुत्र्याशीसुद्धा हस्तांदोलन करायचा. पंजा हातात घेऊन, डोळ्यांत डोळे घालून विचारायचा, "कॅन आय काउंट ऑन यू?" मलाही रोज तेच. किती वेळा सांगितलं, बाबा रे, आमच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड आहे, आम्हाला मत नाही. ह्याचं आपलं चालूच. डोकं फिरायचं माझं.

ऐंशीच्या दशकातली, मॅसॅच्युसेट्समधली ही गोष्ट. हॅरल्ड गावातल्या बँकेचा प्रमुख. अर्ध्या गावाला घराचं कर्ज ह्यानेच दिलेलं, त्या जोरावर काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, निवडून गेला. मग भर सभेत सांगून बसला, गावची गिरणी बंद पडू देणार नाही. पडली. कोणी सांगितलं होतं नको ती आश्वासनं द्यायला?

दोन वर्षांनी पुन्हा उभा राहिला, तेव्हा गल्लीत प्रत्येकाच्या लॉनवर त्याच्या नावाची पाटी. आमची तर त्याने न विचारता थेट माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यात ठोकली. मी मराठीतून यथेच्छ शिव्या घातल्या. तो म्हणाला, थँक यू.

पडला. सणकून पडला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या पाट्या गायब. ज्यांनी उन्हाळाभर त्याच्याकडे बार्बेक्यू हादडलं, ते त्याला बघून गाडीच्या काचा वर करायला लागले. मेल्यांना लाज कशी ती नाही. आमची पाटी तेवढी राहिली, पण तीही काही प्रेमाने नाही. आमचे हे "रविवारी काढतो" म्हणत बसले आणि डिसेंबरात जमीन गोठली. मग दांडा हलेना.

एप्रिलमध्ये जमीन सैल झाली तशी मी तणतणत गेले आणि पाटी उपटली. वळते तर हॅरल्ड उभा. हात खिशात. हस्तांदोलन नाही, काही नाही.

"कॉफी घेताना किचनच्या खिडकीतून रोज ही दिसायची," तो म्हणाला. "एवढे दिवस फक्त तुम्हीच ठेवलीत."

जमीन गोठली होती हे सांगायला तोंड उघडलं आणि असा संताप आला मला! त्याचा, गल्लीचा, आमच्या ह्यांचा, सगळ्यांचाच.

"काढत नाहीये," मी खेकसले. "कोथिंबीर पेरायचीय, म्हणून जागा बदलतेय."

आणि हातोडी आणायलाही न जाता, त्याच्या खिडकीच्या बरोबर समोर, पायातल्या बुटाने ती पाटी ठोकली.